भोपळ्याचे कंदील आणि राजगड एकाच पोर्चवर: ऑक्टोबर २०२४ च्या नोंदी

शनिवार, ५ ऑक्टोबर

जागा: एडिसन, न्यू जर्सी. पोर्च १४ फूट लांब, ६ फूट खोल, तीन पायऱ्या, तोंड पश्चिमेला. तोंड कुठे आहे हे मुद्दाम लिहून ठेवलंय, कारण दुपारचं ऊन थेट भोपळ्यांवर येणार.

यंदाचा योग दरवर्षी येत नाही. न्यू जर्सीच्या घड्याळाप्रमाणे अमावस्या ३१ तारखेला सकाळी लागते, म्हणून लक्ष्मीपूजन इथे गुरुवारी ३१ ऑक्टोबरलाच, हॅलोविनच्या (मुलं भुताखेतांचे वेश घालून दारोदार खाऊ मागतात त्या सणाच्या) संध्याकाळी. महाराष्ट्रात ते १ नोव्हेंबरला आहे. पहाटेचं अभ्यंगस्नानही इथे त्याच दिवशी. आकाशात चंद्र नसणार, तेव्हा कंदिलांना हवा तसा गडद अंधार मिळेल.

दोन्ही सणांसाठी हा एकच पोर्च सजवणाऱ्या आमच्या गटात दोन तऱ्हेची बालपणं आहेत. काही जण १९८० आणि ९०च्या दशकांत न्यू जर्सीत वाढले, काही पुण्या-साताऱ्याकडचे. प्रत्येकाने एकच गोष्ट लिहून द्यायची होती, पोर्चवर असायलाच हवी अशी. आलेली यादी: मेणबत्तीच्या धगीने भाजणाऱ्या भोपळ्याचा वास, उशीच्या अभ्र्यात गोळा केलेला खाऊ, पांढऱ्या चादरीचं भूत, शेजारणीच्या हातचे पॉपकॉर्नचे लाडू, मातीचा किल्ला, किल्ल्यावर उगवलेलं अळीव. शेजारी आयर्लंडहून आलेलं एक घर आहे, त्यांची मागणी सलगमच्या कंदिलाची.

हवेने फुगणारे राक्षस आणि बटण दाबल्यावर किंचाळणारे सांगाडे वगळले. त्यात हातांना करण्यासारखं काहीच नाही, आणि हे सगळं करण्यामागचं कारण हातांना काम मिळावं हेच आहे.

वेळेचा नियम: कामाच्या दिवशी रात्री जेवणानंतर पाऊण तास, शनिवार-रविवारी तीन तास. पाऊण तासात पुरं होणार नाही असं काम आठवड्यात काढायचं नाही. अशी कामं हटकून अर्धवट राहतात, ती या एका कारणाने.

शनिवार, १२ ऑक्टोबर (दसरा)

सलगमची चाचणी. हॅलोविनच्या कंदिलाचं मूळ रूप हेच. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये सलगम किंवा रुटाबागा (सलगमसारखाच, पण मोठा कंद) कोरून त्यात निखारा नाहीतर मेणबत्तीचा तुकडा ठेवत. तिकडची माणसं अमेरिकेत आली, इथे आयता मऊ आणि पोकळ भोपळा मिळाला आणि सलगम मागे पडला. डोनेगलमधल्या फिनटाउनच्या एका जुन्या सलगम कंदिलाचा प्लास्टरचा ठसा आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो चेहरा भोपळ्यासारखा हसरा नाही. सुरकुतलेल्या, दात विचकणाऱ्या म्हाताऱ्यासारखा आहे. आपल्याला तोच हवा.

बाजारात सलगम लहान मिळाले, म्हणून रुटाबागा घेतला, ५ इंच व्यासाचा. दुकानातल्या रुटाबागावर मेणाचा थर असतो. तो आधी सोलाण्याने खरवडला नाही तर सुरी घसरते. वरची चकती कापली, ड्रिलने १२ मिलिमीटरची सात-आठ भोकं आत पाडली (खोली भिंतीएवढी जाडी सोडून), मग मधला गर धारदार चमच्याने काढला. ड्रिल नसतं तर दोन तास गेले असते. असताना पन्नास मिनिटं लागली. भिंत १ सेंटिमीटर ठेवली. यापेक्षा जाड ठेवली तर उजेड बाहेर येत नाही. पातळ केली तर सुकताना तडकते.

चेहरा कोरताना डोळे आणि तोंड हवेत त्याहून थोडे मोठे ठेवावे. चार-पाच दिवसांत कंदील आक्रसतो, भोकं बारीक होतात आणि चेहऱ्याला सुरकुत्या पडतात. याचं खरं रूप पाचव्या दिवशी येतं. म्हणून भोपळे आदल्या दिवशी कोरायचे, पण सलगम २६ तारखेला.

बुधवार, १६ ऑक्टोबर

कोजागरी. मसाला दूध. काम बंद.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

राज्याने आज दुष्काळाचा प्राथमिक इशारा (ड्रॉट वॉच) जाहीर केला. महिन्याच्या सुरुवातीपासून पाऊस जवळपास नाहीच. पाचोळा कुरकुरीत झालाय, पायाखाली चुरा होतो. त्यामुळे बदल:

गवताच्या पेंढ्या आणि मक्याची ताटं सजावटीतून काढली. भोपळ्यांत एलईडी दिवे. खरी मेणबत्ती फक्त सलगमच्या कंदिलात, तीही कुणीतरी शेजारी बसलेलं असताना. पणत्या पायऱ्यांवर ठेवायच्या नाहीत. खिडकीच्या दगडी कट्ट्यावर, वाळू भरलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवायच्या. पाचोळा नसता तरी पायऱ्यांवर ठेवू नयेत: मुलांचे पायघोळ पॉलिएस्टरचे झगे तिथूनच फरफटत जातात.

भोपळ्याचा भाजका वास मात्र एलईडीने येणार नाही, आणि यादीत तो पहिला होता. तोडगा: झाकणाच्या आतल्या बाजूला दालचिनीची आणि जायफळाची पूड चोळायची आणि त्या भोपळ्यात टी-लाइट (छोटी चपटी मेणबत्ती) फक्त दहा मिनिटं, फरशीवर, पाण्याची बादली शेजारी ठेवून पेटवायची. झाकण तापलं की वास सुटतो. नंतर एलईडी.

शनिवार, १९ ऑक्टोबर

शेतावरून भोपळे आणले: कोरायला पाच, खायला दोन.

कोरण्यासाठी हाउडेन जात. मॅसॅच्युसेट्सच्या जॉन हाउडेन या शेतकऱ्याने ही खास कंदिलासाठी निवडून तयार केली. देठ जाड, साल कडक, पन्हाळी खोल. ११ ते १३ इंचांचे घेतले. निवडताना उलटा करून बूड अंगठ्याने दाबायचं. जरा जरी दबलं तर सोडून द्यायचा. देठ हिरवा आणि टणक हवा. भोपळा देठाला धरून कधीही उचलू नये. देठ तुटला की त्या जखमेतून बुरशी शिरते, आणि कोरण्याआधीच भोपळा हातचा जातो. न कोरलेला भोपळा थंड, कोरड्या जागी महिनाभर सहज टिकतो, म्हणून आत्ता आणायला हरकत नाही. कोरला की मात्र दिवस मोजायचे.

खायला लहान, गोड ‘शुगर पाय’ भोपळे. कोरायच्या भोपळ्याचा गर धागेदार आणि पाणचट असतो.

एक भोपळा आजच चाचणीसाठी कोरून पोर्चवर ठेवला. मुद्दाम काहीही लावलं नाही. पुढचे दिवस उबदार आहेत. किती टिकतो ते कळेल.

त्याच्या बिया: धाग्यांसकट पाण्यात टाकल्या की बिया वर तरंगतात, धागे खाली राहतात. मग मिठाच्या पाण्यात १० मिनिटं उकळल्या (४ कप पाण्याला २ चमचे मीठ), कापडावर तासभर सुकवल्या, १ चमचा तेल चोळून ओव्हनमध्ये ३२५ अंश फॅरनहाइटला २२ मिनिटं, मध्ये दोनदा हलवून. उकळण्याचा टप्पा गाळला तर मीठ नुसतं सालीवर राहतं आणि बी आतून चिवट लागतं. ओल्याच भाजल्या तर वाफवल्यासारख्या होतात. बाहेर काढल्यावर गरम असतानाच चाट मसाला.

रविवार, २० ऑक्टोबर

किल्ल्याचा पाया. राजगड ठरला, कारण त्याचा आकार दुरूनही ओळखू येतो: मध्ये उंच बालेकिल्ला, तिन्ही दिशांना पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी माच्या. जागा ४ बाय ३ फूट, पोर्चच्या डाव्या कोपऱ्यात, खाली जाड प्लॅस्टिक.

माती हाच सगळा प्रश्न. दुकानातली कुंडीची माती इथे निरुपयोगी: त्यात पीट आणि परलाइटसारखे भुसभुशीत घटक, मूठ वळली तरी उघडताच फुटते. मिडलसेक्स काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, पोटात मात्र उत्तम चिकणमाती आहे. पर्थ अ‍ॅम्बॉयचा टेराकोटा आणि सेअरव्हिलच्या विटा याच पट्ट्यातल्या. परसात फूटभर खणल्यावर तांबूस चिकट माती लागली. पाच बादल्या काढल्या, खड्ड्यावर फळी टाकून ठेवली. माती परत तिथेच जायची आहे. माती तीन वाटे, वाळू एक वाटा. वाळू नसेल तर सुकताना बोटभर भेगा पडतात.

आत विटा आणि दगड रचून उंची घेतली, बालेकिल्ला २२ इंच. त्यावर गोणपाट भिजवून पसरलं आणि मग मातीचा लेप. गोणपाटाशिवाय उभ्या कड्यांवरची माती रात्रीतून घसरते. लेप दोन थरांत, पहिला अर्धवट सुकल्यावर दुसरा. पाणी तांदूळ-भाज्या धुतलेलं वापरलं, नळ उघडला नाही.

सुवेळा माचीवरचं नेढं (खडकातलं आरपार भोक) विसरायचं नाही. ओली माती असतानाच पेन्सिल आरपार घालून ठेवली, सुकल्यावर फिरवून काढायची.

मावळे पुण्याच्या कुंभारवाड्यातून आलेले, १४ नग. विमानातल्या सामानात पोह्यांच्या डब्यात पुरून आणले होते, एकाचीही मान मोडलेली नाही. कागदात गुंडाळलेले दरवर्षी मोडत.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

चाचणीचा भोपळा संपला. पाच दिवस. आत काळी-पांढरी लोकर, तोंडाची खालची कड आत वळलेली, दात सुकून वाकडे. कारण सरळ आहे. गरात बहुतेक पाणीच, साल हे त्याचं कवच, आणि ते आपण भोसकलं. त्यात दुपारचं ऊन: पंचवीस अंश सेल्सियसच्या आसपास बुरशीला आणखी काय हवं? वरून कापलेलं झाकण आक्रसून आत पडलं, तेही नोंदलं.

निष्कर्ष: उरलेले चार भोपळे २९ आणि ३० लाच कोरायचे, शक्यतो उघडायचे वरून नव्हे, आणि ३१ ला दुपारी चारपर्यंत घरात ठेवायचे.

शनिवार, २६ ऑक्टोबर

सकाळी अळीव पेरलं. इथे भारतीय किराण्यात मिळतं. भिजवून पेरण्याचा मोह टाळावा; भिजलं की बियांचा चिकट गोळा होतो आणि एका जागी गठ्ठा उगवतो. कोरडं बी दुप्पट वाळूत मिसळून उतारांवर टाकलं आणि फवाऱ्याने ओलं केलं. बी स्वतःच्याच चिकाने मातीला धरून बसतं. उभ्या कड्यांवर टाकायचं नाही, तिथे नुसता दगडी रंग. रात्री थंडी आहे, म्हणून संध्याकाळी प्लॅस्टिक, सकाळी काढायचं. काढायला विसरलं तर आत वाफ धरून मुळाशी बुरशी येते.

सलगमचा दुसरा कंदील कोरला.

चादरीचं भूत. दिसायला सर्वांत सोपं, आणि नेमकं हेच भर रस्त्यात फसतं: चादर फिरते, डोळ्यांची भोकं कानाशी जातात आणि मूल ठेचकाळतं. उपाय: जुनी बेसबॉल टोपी, चादर तिच्यावर मधोमध टाकून आतून चार ठिकाणी टाके. टोपी डोक्यावर घट्ट बसते, त्यामुळे भोकं जागची हलत नाहीत. भोकं चादर अंगावर घातल्यावरच खुणा करून कापायची, अडीच इंचांची. खालची कड घोट्याच्या वर सहा इंच. पाठीवर चमकणारी पट्टी.

जुन्या फोटोंमधले पातळ प्लॅस्टिकचे मुखवटे, ब्रुकलिनच्या बेन कूपर कंपनीच्या पेट्यांतून मिळायचे तसले, दोन हाती लागले. रबर पिन मारलेल्या जागी तुटतं, पूर्वीही तिथेच तुटायचं. भोकाला आतून कापडी टेप लावून ६ मिलिमीटरचं इलॅस्टिक ओवलं. हे मुलांना घालायला नाहीत, भिंतीवर.

रविवार, २७ ऑक्टोबर

खाऊची मोजणी. गेल्या वर्षी ९६ मुलं आली होती. यंदा उबदार हवेचा अंदाज आहे, तेव्हा १३० धरली. प्रत्येकी दोन, म्हणजे लहान आकाराचे २६० नग. शेंगदाणा-काजू असलेलं काही घेतलं नाही. शिवाय निळसर-हिरव्या रंगाने रंगवलेला एक भोपळा आणि त्याच रंगाची बादली: पेन्सिली, स्टिकर, चमकत्या कांड्या. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांसाठी ही खूण २०१४ पासून देशभर रुळली आहे.

फराळ दारावर वाटायचा नाही, हे नीट समजावून सांगावं लागतं. अनोळखी घरचा उघडा पदार्थ इथे आईवडील टाकून देतात. १९७०-८०च्या दशकांत खाऊत विष घातल्याच्या भीतीने घरचे पॉपकॉर्न लाडू आणि कॅरॅमलची सफरचंदं दारांवरून नाहीशी झाली. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी वर्षानुवर्षं अशा बातम्या तपासल्या; अनोळखी माणसाने सरसकट मुलांना विष वाटून जीव घेतल्याचं एकही सिद्ध प्रकरण त्यांना सापडलं नाही. भीती मात्र राहिली. फार चांगली गोष्ट हकनाक गेली. ओळखीच्या घरांना चकली-करंजी बंद डब्यांत, वर घटकांची चिठ्ठी चिकटवून.

पॉपकॉर्नचे लाडू मोठ्यांच्या टेबलासाठी करून पाहिले. मक्याचे दाणे अर्धा कप, फुलून सुमारे १४ कप. न फुललेले दाणे एकूण एक वेचायचे, नाहीतर दात जातो. साखर १ कप, कॉर्न सिरप अर्धा कप, पाणी पाव कपाहून थोडं जास्त, लोणी २ मोठे चमचे, मीठ अर्धा चमचा. पाक गोळीबंद हवा, २५५ ते २६० अंश फॅरनहाइट. थर्मामीटर नसेल तर थंड पाण्यात थेंब टाकून टणक गोळी वळते का पाहायची. राजगिऱ्याचे लाडू करणाऱ्या हाताला हे सांगावं लागत नाही. पाक कच्चा राहिला तर लाडू दुसऱ्या दिवशी बसतात आणि हाताला चिकटतात. पाक ओतल्यावर मिनिटभर थांबून, हाताला लोणी लावून, तीन मिनिटांत वळून संपवायचे. जोरात दाबू नये, लाह्या चुरडतात. १२ लाडू झाले.

राज्यात उघड्यावर आग पेटवण्यावर निर्बंध आहेत. अंगणातली शेकोटी रद्द.

मंगळवार, २९ ऑक्टोबर (धनत्रयोदशी)

पाऊण तास, दोन भोपळे. क्रम लिहून ठेवतो.

भोपळा बुडातून उघडला: पाच इंचांचं वर्तुळ. झाकण वर नसल्याने पडायचा प्रश्नच नाही, आणि एलईडीवर भोपळा नुसता टोपीसारखा ठेवता येतो. दालचिनीचा जो एक आहे तो मात्र वरून, सुरी तिरकी आत धरून, म्हणजे झाकण बुचासारखं बसतं.

मग आतला गर खरवडला. धागे काढून लोक थांबतात. खरं काम पुढे आहे. ज्या बाजूला चेहरा येणार ती भिंत इंचभर जाडीची होईपर्यंत चमच्याने घासायची. बाहेरून टाचणी टोचून जाडी कळते. जाड भिंतीत करवत अडते, माणूस जोर लावतो आणि तिथेच हात कापतो. स्वयंपाकाची मोठी सुरी यासाठी वापरूच नये. गरात रुतते आणि सुटताना झटका देते. बारीक दातांची छोटी करवत, काटकोनात, वर-खाली.

चित्राचा कागद चिकटवून रेषांवर टाचणीने दर ३ मिलिमीटरला टोचलं, कागद काढला, टिंबांवर पीठ चोळलं की नक्षी पांढरी दिसते. कापताना आधी बारीक आणि मधले तुकडे, मोठं तोंड सगळ्यांत शेवटी. तोंड आधी कापलं तर भोपळा कमकुवत होतो आणि डोळे कापताना दात तुटतो. दोन भोकांमध्ये दीड सेंटिमीटरचा पूल हवाच. तरी एक दात गेलाच. टूथपिकने जोडला, दिसत नाही.

शेवटी पाण्यात बुडवला: एका गॅलनला एक मोठा चमचा ब्लीच, १५ मिनिटं. उपडा ठेवून निथळला, कापलेल्या कडांना बोटाने व्हॅसलीन. व्हॅसलीन पेट घेऊ शकतं, म्हणून हे फक्त एलईडीच्या भोपळ्यांना. बाहेरून कडांवर थोडं लाल तिखट, खारी दूर राहाव्यात म्हणून.

बुधवार, ३० ऑक्टोबर

उरलेले दोन कोरले. चारही गॅरेजमध्ये. आज न्यू जर्सीत मिसचिफ नाइट: झाडांवर टॉयलेट पेपर, खिडक्यांना साबण, आणि बाहेर राहिलेले भोपळे रस्त्यावर फुटलेले. किल्ल्यावर खोकं उपडं घातलं.

अळीव पाऊण इंच. संजीवनी माचीवर विरळ, तिथे सावली जास्त. मावळे मांडले.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

पहाटे उटणं, अभ्यंगस्नान, फराळ. दिवसा ऑक्टोबर वाटेना इतकं गरम.

४:०० भोपळे बाहेर. ४:३० पहिली मुलं, अगदी लहान. ५:४० पणत्या, बारा. प्रत्येकी १५ मिलिलिटर तेल, जाड वात, अडीच तास चालल्या. सूर्यास्त सहाच्या जरा आधी. लक्ष्मीपूजन आणि मुलांची गर्दी दोन्ही सहा ते साडेसात, म्हणून दोन पाळ्या: अर्धे आत पूजेला, अर्धे दारावर, पावणेसातला अदलाबदल. आरतीच्या वेळी दार उघडंच होतं.

रांगोळी पायऱ्यांवर न काढता उजव्या बाजूला काढली होती, शाबूत राहिली.

दालचिनीचा टी-लाइट ६:१५ ला दहा मिनिटं. वास रस्त्यापर्यंत गेला. सलगमच्या मेणबत्तीला वीस मिनिटांत करपट, उग्र वास आला; शेजारच्यांनी तोच वास ओळखला आणि कंदिलाशेजारून हलले नाहीत.

मुलांना किल्ला काय आहे हे विचारायचं होतं. ‘डोंगरावरचा किल्ला, खऱ्या राजाचा’ एवढं उत्तर पुरलं. नेढ्यातून पलीकडचा दिवा दिसतो हे एकाने शोधलं, मग तिथे रांग.

८:३० बंद. मुलं ११८. त्यातल्या ११ जणांनी रंगीत बादली निवडली. खाऊ ४६ नग उरले. उशीचे अभ्रे आणणारी चारच होती. कागदी पिशव्यांची बुडं दोघांची फाटली.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

एका दिवसाच्या उष्म्यात चारही भोपळ्यांच्या कडा मऊ, पण आत बुरशी नाही. वेळापत्रक बरोबर होतं. व्हॅसलीनच्या कडा कापून फेकल्या, बाकी दोन इंचांचे तुकडे करून कंपोस्टमध्ये, वर तेवढाच कोरडा पाचोळा. पाचोळ्याविना नुसता भोपळा टाकला तर सडून वास येतो.

रविवार, ३ नोव्हेंबर (भाऊबीज)

घड्याळं तासभर मागे. संध्याकाळ पाचलाच संपते आता.

शुगर पायचे घारगे: कीस २ कप, गूळ पाऊण कप, एकत्र शिजवून पूर्ण गार केलं, मग मावेल तेवढी कणीक (दोन कपांच्या आतबाहेर), दोन चमचे तांदळाचं पीठ, वेलची, खसखस. पाणी अजिबात नाही. गरम मिश्रणात पीठ घातलं तर ते सैल होत जातं, मग आणखी पीठ, आणि घारगा चामडं होतो.

अळीव कात्रीने कापून कोशिंबिरीत. किल्ला उकलला, माती खड्ड्यात परत, गोणपाट धुऊन वाळत. मावळे पोह्यांच्या डब्यात.

२०२५ साठी: लक्ष्मीपूजन इथे सोमवारी २० ऑक्टोबरला, हॅलोविन शुक्रवारी ३१ ला. मधे अकरा दिवस. किल्ला दोन्हींसाठी ठेवायचा असेल तर अळीव १५ ला पेरून, २१ ला कापून, २६ ला पुन्हा पेरावं लागेल. बी दुप्पट आणायचं.